शेवटची सही

“शून्य कसं येईल हो, ताई?”

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा ताईंनी लाल पेन्सिल कानामागे खोचली आणि चष्मा कपाळावर चढवला. चिडण्याची ही त्यांची पहिली पायरी होती. दुसरी पायरी फारशी कुणी पाहिलेली नव्हती, आणि ज्यांनी पाहिली होती ते बदली मागून गेले होते.

“शून्य म्हणजे शून्य. त्या रोगानं कुणी मेलंच नसेल तर मी काय करू? माणसं मारून आणू?”

शेजारच्या टेबलावरचा ऑपरेटर फिस्सकन हसला. ताईंनी घातलेले कोड तो दिवसभर संगणकात चढवायचा, आणि त्यानंच ताईंचं नाव ‘शेवटची सही’ ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टरनं नाडी बघितली, घरच्यांनी रडून घेतलं, तरी सरकारदरबारी माणूस मेलेला नसतो. ताई मृत्यूच्या फॉर्मवर कारणाचा कोड घालतात, कोपऱ्यात सही ठोकतात, तेव्हा तो खरा जातो. ताई वरवर रागवायच्या, पण हे नाव त्यांना आवडतं हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

एकोणतीस वर्षं त्या याच खुर्चीवर होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. विभागातल्या डॉक्टरांच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरांतून कारण शोधायचं, त्याचा आकडा लिहायचा, सही करायची, पुढचा फॉर्म. दिवसाला दीडशे. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि पाठीमागच्या भिंतीवर एक ढाल होती. ‘अस्पष्ट कारणांचे सर्वांत कमी प्रमाण’ असं त्या ढालीवर कोरलेलं होतं. शिपाई ती दर सोमवारी पुसायचा.

डॉक्टरीणबाई मुख्यालयातून आल्या होत्या. वय तिशीचं, पायात सपाट बूट, बोलणं हळू. देशाचा रोगभार मोजण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्याच दिवशी ताईंनी त्यांना समोरचे गठ्ठे दाखवून म्हटलं होतं, “भार इथं आहे, तो आधी मोजा.” डॉक्टरीणबाई हसल्या होत्या आणि मग त्यांनी समजावून सांगितलं होतं. माणूस चाळिशीत गेला तर त्याची तीस-पस्तीस वर्षं वाया गेली. अशी प्रत्येक रोगानं खाल्लेली वर्षं मांडायची, म्हणजे कुठला रोग देशाला किती महाग पडतो ते कळतं. त्यावरून सरकार ठरवतं, की पुढच्या पाच वर्षांत दवाखाने कुठे, यंत्रं कुठली, गाड्या कुठे पाठवायच्या. ताईंना ते पटलं होतं. आपण घातलेला आकडा एवढ्या लांब जातो याचं त्यांना अप्रूपही वाटलं होतं.

आज मात्र त्या शून्यावरून वाजलं होतं.

“हे बघा,” डॉक्टरीणबाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “हा दगडखाणींचा पट्टा. साठ-सत्तर क्रशर आहेत इथं. दगड फोडून खडी करायची, दिवसभर धूळ. अशा ठिकाणी सिलिकोसिस असतोच. धूळ जाऊन जाऊन फुप्फुस कडक होतं, श्वास पुरत नाही, माणूस हळूहळू गुदमरून जातो. जगात कुठंही जा, खाण आहे तिथं हा आहे. आणि आपल्याकडे एकोणीस वर्षांत एक मृत्यू नाही. एकसुद्धा नाही, ताई.”

नकाशावर तो पट्टा पांढरा स्वच्छ होता.

“आणि आता हृदय बघा.” त्यांनी बटण दाबलं. तोच पट्टा लालभडक झाला. “पन्नाशीच्या आतले पुरुष. देशाच्या चौपट. एवढ्या तरण्याताठ्या माणसांना हृदय कुठून आलं?”

“आलं असेल. कष्टाचं काम आहे,” ताई म्हणाल्या. “आणि सरकारनं त्याची दखल घेतलीय की. आठ वर्षं झाली, हृदय तपासायची गाडी फिरते तिकडं. आमच्याच आकड्यांवरून मिळाली ती, साहेबांनी सभेत सांगितलं होतं. माझ्या भाच्याला गेल्या आठवड्यातच तपासलं. कागद पाठवला त्यानं मला मोबाइलवर. हृदय ठणठणीत, कामास योग्य.”

डॉक्टरीणबाई मोबाइलवरचा कागद बघायला पुढे झुकल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “भाचा कुठं असतो?”

“क्रशरवरच. पंधरा वर्षं झाली. दादाच्या जागी लागला.”

“आणि दादा?”

“गेला. चव्वेचाळीसचा होता. हृदयानंच. आमच्या घरात हृदय आहे ना, म्हणून तर मी पोराच्या मागं लागते, तूप कमी खा, सिगारेट सोड, गाडी आली की पहिला नंबर लाव...”

“हृदय आहे, हे कुणी सांगितलं?”

“फॉर्मवर...” ताई म्हणाल्या, आणि थांबल्या.

ऑपरेटरची बोटं थांबली.

फॉर्मवर कोड ताईंनी घातला होता.

डॉक्टरीणबाईंची नजर टेबलाच्या काचेवर गेली. चिठ्ठीवर ताईंच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ होती. ‘हृदय बंद, हृदयक्रिया थांबली = आय २५.’

“ही चिठ्ठी मी चार ऑफिसांत पाहिली,” त्या म्हणाल्या. “झेरॉक्स. सगळीकडे हेच अक्षर. तुमचं आहे?”

एरवी या प्रश्नाला ताईंनी मान ताठ केली असती. एकोणीस वर्षांपूर्वी वरून फतवा निघाला होता, की अस्पष्ट कारणांचे मृत्यू शेकड्यात पाचांच्या वर गेले तर लेखी खुलासा द्यावा लागेल. सगळ्यांचे धाबे दणाणले होते. खेड्यापाड्यांतले डॉक्टर तर फॉर्मवर एवढंच लिहायचे, ‘हृदय बंद पडून.’ हे कारणच नव्हे, हे नियमाला धरून अस्पष्टात टाकायला हवं, आर नव्याण्णव. तेव्हाचे साहेब डोकं धरून बसले होते आणि ताईंनी तोडगा काढला होता. हृदय असं लिहिलंय ना डॉक्टरनं? मग हृदयरोगात टाकू. आय पंचवीस. अस्पष्ट आपोआप खाली येईल. आणि आलंच. दोन वर्षांत ढाल मिळाली. इतर विभागांनी चिठ्ठीच्या प्रती मागून नेल्या. ताईंनी त्या झेरॉक्स स्वतः काढून दिल्या होत्या.

“हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं, ताई?” डॉक्टरीणबाई अगदी हळू म्हणाल्या.

हे वाक्य एखाद्या लहान मुलानंही म्हटलं असतं. ताईंना ते एकोणतीस वर्षांत सुचलं नव्हतं. नाही, खोटं कशाला बोला, सुचलं होतं. चिठ्ठी लिहिली त्या दिवशीच सुचलं होतं आणि त्यांनी ते दडपून टाकलं होतं.

त्या उठल्या आणि रेकॉर्ड रूमची किल्ली घेतली.

रेकॉर्ड रूममध्ये वर्षांप्रमाणे गठ्ठे होते. ताईंना शोधावं लागलं नाही. वर्ष, महिना, पट्ट्याचा क्रमांक. दोरीची गाठ डॉक्टरीणबाईंनी सोडली. वरून सातवा फॉर्म दादाचा होता.

तो दिवस ताईंना आठवत होता. फॉर्म नेहमीच्या गठ्ठ्यातून आला होता, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. दादाला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. तेव्हाची सहकारीण म्हणाली होती, दे इकडे, मी घालते. ताईंनी दिला नव्हता. माझ्या दादाचा कोड मीच घालणार, असं म्हणून त्यांनी हात धुऊन आल्यावर तो घातला होता. त्याचा त्यांना अभिमान वाटला होता. घरी फोन करून वहिनीला सांगितलंही होतं, “हृदय निघालं गं. कुणाच्या हातात नसतं ते.” वहिनी रडत म्हणाली होती, “पण वन्सं, त्यांना तर दम लागायचा.” आणि ताई, जाणत्या माणसाच्या आवाजात, म्हणाल्या होत्या, “हृदय कमजोर झालं की दम लागतोच.”

आता त्यांनी फॉर्म उजेडात धरला. कारणाच्या पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, ‘हृदयक्रिया बंद.’ खालच्या दोन ओळी कोऱ्या. त्याखाली ‘इतर आजार’ असा चौकोन होता आणि त्यात डॉक्टरनं बारीक अक्षरात खरडलं होतं, ‘दम, तीन वर्षे. खोकला. वजन घटले. क्रशर कामगार, २४ वर्षे.’

शेजारी लाल पेन्सिलीत आय २५. कोपऱ्यात सही. सही अगदी सुबक आली होती.

ताईंनी तो चौकोन वाचला, परत वाचला. पंधरा वर्षांपूर्वीही त्यांनी तो वाचला होता. न वाचता सही करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी ते शब्द वाचले होते आणि काचेखालच्या चिठ्ठीकडे बघितलं होतं. चिठ्ठीत दम नव्हता, धूळ नव्हती, चोवीस वर्षंही नव्हती.

“शेवटचं वर्षभर तो आडवा होऊ शकत नव्हता,” त्या म्हणाल्या. “तीन उश्या लावून बसून झोपायचा. मी गेले होते ना भेटायला. चौथी उशी मीच विकत घेऊन दिली. आणि इथं येऊन मी... मी हृदय लिहिलं. डोळे फुटले होते का माझे?”

डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं. ताई बसल्या नाहीत.

“लहानपणी आमची शर्यत असायची. एका श्वासात आकडे म्हणायचे. दादा शंभराला पोचायचा. मी साठावर बसायचे. आकडे मला त्यानं शिकवले. त्याची छाती एवढी...” त्यांनी हातानं माप दाखवलं आणि हात तसाच हवेत राहिला.

“ती तपासणीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साधी, पण उपयोगाची. धडधाकट माणूस सावकाश म्हणत सहज तिसाच्या पुढे जातो. यंत्रही लागत नाही. मी दोन वर्षांपूर्वी त्या पट्ट्यासाठी छातीच्या एक्स-रेची गाडी मागितली होती. फाइल परत आली. शेरा होता, सिलिकोसिसचे मृत्यू शून्य, गरज नाही.”

म्हणजे आठ वर्षं एक गाडी त्या गावांतून फिरत होती. गुदमरणाऱ्या माणसांना ओळीनं उभं करून त्यांची हृदयं तपासत होती, ती ठणठणीत निघत होती, आणि माणसं कागद खिशात घालून परत धुळीत जात होती. त्यांच्या भाच्यानं तर कागदाचा फोटो काढून खाली लिहिलं होतं, ‘आत्या, आता खुश?’

साहेबांच्या केबिनमध्ये अर्ध्या तासानं बोलणं झालं. साहेब वाईट नव्हते. दोन वर्षांपूर्वीच आले होते आणि आल्यापासून कुठल्याही कागदाला नुसतं बोट लावायलासुद्धा घाबरायचे.

“शुक्रवारी अहवाल छापायला जातोय,” ते म्हणाले. “आज मंगळवार. आता एकोणीस वर्षांचं उकरून काढायचं? पुढच्या अहवालात बघू ना.”

“पुढचा अहवाल पाच वर्षांनी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बरं, पण पुरावा काय? फॉर्मवर सिलिकोसिस लिहिलंय का कुठं?”

“नाही. पण दम आणि क्रशर लिहिलेलं असेल, तर संशयित म्हणून वेगळं दाखवता येतं. संशयित दोनशे निघाले तरी एक्स-रेची गाडी नाकारता येणार नाही.”

साहेबांनी ताईंकडे बघितलं. “ताई, तुम्ही तरी समजवा यांना. त्या सगळ्या फॉर्मांवर सही कुणाची आहे? चौकशी लागली तर पहिली मान तुमची. चार महिने राहिलेत. ढाल परत द्या म्हणाले तर?”

“द्या की,” ताई म्हणाल्या. “भिंतीला खिळा राहील, त्याला कॅलेंडर लावा.”

ऑपरेटर दाराशी उभा होता. आज तो हसला नाही.

“त्या पट्ट्यातले पन्नाशीच्या आतले, आय पंचवीसवाले, तीनशे बारा फॉर्म आहेत,” ताई पुढे म्हणाल्या. “मी दिवसाला दीडशे करते. या वेळी चौकोन वाचायचाय, म्हणजे उशीर लागेल. तरी गुरुवारी संध्याकाळपर्यंत होतात. नियम माझा होता, असं मी लेखी देते. तुम्ही फक्त आवक शिक्का मारा.”

त्यांनी तिथंच, साहेबांच्या टेबलावर, चार ओळी लिहिल्या. ‘सदर नियम मी माझ्या मनाने बनवला. तो चुकीचा होता, हे मला बनवतानाच ठाऊक होते.’ साहेबांनी ते वाचलं, दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “एवढं नको हो लिहायला.” ताईंनी ते खोडलं नाही. साहेबांनी दोनदा सुस्कारा सोडला आणि शिक्का मारला.

जागेवर येऊन ताईंनी टेबलाची काच उचलली. ऑपरेटरनं दुसरी बाजू धरली. चिठ्ठी लाकडाला चिकटून बसली होती, ती पट्टीनं खरवडून काढावी लागली. मग पहिला फॉर्म त्यांनी दादाचा घेतला. आय २५ वर एक सरळ रेघ मारली, बाजूला सिलिकोसिसचा कोड ‘जे ६२’ घातला, त्यापुढे ‘संशयित’ असं लिहिलं. अक्षर वाईट आलं. त्याच्या खाली त्यांनी तारीख टाकून सही केली आणि फॉर्म ऑपरेटरकडे सरकवला.

“घे. पहिला.”

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

एक वाजला. क्रशर एक ते दोन बंद असतो हे ताईंना माहीत होतं. त्यांनी भाच्याला फोन लावला.

“आत्या? आज भरदुपारी? कोण गेलं?”

“कुणी नाही. जेवलास?”

“बसतोय आता. बोल ना.”

“एक काम कर. मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे म्हण. एकपासून. सावकाश. मध्ये श्वास घ्यायचा नाही.”

तो हसला. हसता हसता खोकला आला, तो संपायला वेळ लागला. “हे काय गं नवीन? माझ्या लेकीचा अभ्यास घेतेस तसा माझा घेतेस का?”

“म्हण म्हटलं ना.”

“अगं, गेल्या आठवड्यातच पास झालोय मी गाडीत. कागद पाठवला नाही का तुला?”

“बघितला. चुकीचा आहे तो. म्हणजे त्यांनी बरोबर लिहिलाय. चूक माझी आहे. ते मी तुला समोर बसवून सांगणार आहे. तू आधी म्हण.”

पलीकडून श्वास ओढल्याचा आवाज आला. त्यात बारीक शिट्टीसारखं काहीतरी होतं, आणि ताईंनी ते यापूर्वी शंभरदा ऐकून सर्दी समजून सोडून दिलं होतं.

“एक. दोन. तीन. चार...”

ताई डोळे मिटून ऐकत होत्या. समोर डॉक्टरीणबाई पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्या होत्या.

“...नऊ. दहा. अकरा...”

बारा जरा ओढून आला. तेरा नुसता ओठांवर आला.

“...चौदा.”

मग धाप. फोनवर खरखर वाजत राहिली. चौतीस वर्षांचा माणूस, एका मुलीचा बाप, दादासारख्याच रुंद छातीचा.

“थांब, थांब,” तो म्हणाला, “परत म्हणतो. मगाशी चालून आलो ना, म्हणून. कितीपर्यंत म्हणायचे होते?”

ताईंनी तोंडावर हात धरला, मग काढला.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “परत नको. ऐक, जेवण झालं की तिथून नीघ. मुकादमाला सांग, आत्या सिरियस आहे. जे सांगायचं ते सांग. पण पुन्हा त्या धुळीत पाय ठेवायचा नाही. उद्या सकाळी इथं ये, छातीचा फोटो काढायचाय.”

“आत्या, घाबरवू नकोस गं.”

“मीच घाबरलेय. ये तू.”

त्यांनी फोन ठेवला. मग एकोणतीस वर्षांची सवय म्हणून हातानं पेन्सिल उचलली. समोर कागद म्हणून ती खरवडलेली चिठ्ठीच पडली होती, पाठीमागून कोरी. ताईंनी तिच्यावर भाच्याचं वय लिहिलं, काम लिहिलं, वर्षं लिहिली, आणि खाली लाल अक्षरात चौदा.

पेन्सिल सवयीनं उजव्या कोपऱ्याकडे गेली.

तिथं ती थोडा वेळ टेकली. मग ताईंनी ती उचलली, कानामागे खोचली आणि कोपरा कोरा ठेवून चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढचा फॉर्म समोर घेतला. त्या फॉर्मवरचा माणूस एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याचा चौकोन त्या वाचू लागल्या.